थ्रॉटलवरचा तुझा हात

काल दुपारी तांड्यावरच्या धुरपताबाई आल्या आणि कुणाला न विचारता तुझ्या खुर्चीवर बसल्या. समोर बंद पडदा, उजव्या हाताला विमान वळवायचा दांडा, डाव्या हाताला इंजिनाचा. त्यांनी कशालाही हात लावला नाही. "मले याच्यातलं काही समजत नाही भाऊ, पण बसू द्या जराशी," म्हणाल्या. मी चहा केला. त्यांनी तो बशीत ओतून प्यायला, पदरानं टेबल पुसलं आणि तांड्याच्या वाटेनं निघून गेल्या. तू गेल्यापासून घरी पुष्कळ माणसं येऊन गेली, पण त्या खुर्चीवर बसायचं धाडस त्यांनी एकट्यांनीच केलं.

बाई, मी तुला जन्मभर 'बाई'च म्हटलं. शाळेतल्या मुली म्हणत, त्यांच्या आया म्हणत, दिग्रसच्या एसटी स्टँडवर माझे ड्रायव्हर-कंडक्टर म्हणत, म्हणून मीही. परवा विहारात तुझ्यासाठी सभा झाली. तुझ्या विज्ञानाच्या तासांबद्दल लोक बोलले, तू घरी जाऊन कोणाकोणाच्या मुली शाळेत परत आणल्यास ते बोलले. एक गृहस्थ शेवटी म्हणाले की बाई आनंदी स्वभावाच्या होत्या, उतारवयात कॉम्प्युटरवर विमानाचा गेमसुद्धा खेळत. लोक हसले. वाईट हेतू नव्हता कुणाचाच. पण मी बोलायला उठलो, माईक हातात घेतला आणि काही न बोलता खाली बसलो. सगळी नोकरी स्टँडच्या माईकवर गेलेल्या माणसाची ही गत. तिथं जे बोलायचं होतं ते इथं तुलाच सांगतो.

तो गेम नव्हता. ते मी पहिल्या दिवशी ओळखलं नाही, पण पुढं ओळखलं.

तू निवृत्त झालीस त्या दिवाळीला अनिकेत पुण्याहून ती खोकी घेऊन आला. एका खोक्यात दांडा, दुसऱ्यात थ्रॉटल. मला वाटलं, पोराला लहानपणीची हौस आली. त्यानं सगळं जोडून तुला खुर्चीवर बसवलं आणि म्हणाला, "आई, तू नेहमी म्हणायची नं, मले विमान चालवाचं हाय म्हणून." मी तुझ्याकडे पाहिलं. इतकी वर्षं एका घरात राहून माझ्यासमोर तू ते एकदाही म्हटलं नव्हतंस.

मग हळूहळू कळलं. राजूरला कोळसा खाणीच्या चाळीत तू वाढलीस. तुझे बाबा पाळीवर जात ते जमिनीखाली, आणि पोरीला वाटे, बाबा खाली जातात तर आपण वर जाऊ. एवढंच. लहान मुलीचा विचार. पण तो तू टाकून दिला नाहीस, नुसता घडी घालून ठेवलास.

थ्रॉटल म्हणजे काय ते मला तू समजावलंस, माझ्या भाषेत. "तुमच्या बसचा ॲक्सिलरेटर. पण पायानं नाही, हातानं. आणि सोडला तरी परत येत नाही, जिथं ठेवला तिथंच राहते." मी म्हटलं, हे तर बरं आहे, पायाला आराम. तू म्हणालीस, "आराम कायचा? तो कुठं ठेवाचा हेच तर सगळं शिकणं हाय."

आणि तू शिकलीस. मुलींना घोकंपट्टीवरून रागावणारी बाई सकाळी पोळ्या लाटता लाटता विमानाचे वेग पाठ म्हणत होती. नागपूरहून उडायचं, वर्धेवरून वळायचं, परत नागपूरला उतरायचं. पहिले कित्येक दिवस तू फक्त आपटत होतीस. मी आतल्या खोलीत पेपर वाचत असे आणि बाहेरून धाडकन आवाज येई. "मेले काय सगळे?" मी विचारी. "मेले," तू शांतपणे सांगायचीस आणि पुन्हा सुरू करायचीस.

मग मलाही कामाला लावलंस. वाहतूक नियंत्रक म्हणून माझं आयुष्य स्टँडवरच्या त्या काचेच्या खोलीत गेलं. दिग्रस-पुसद, दिग्रस-यवतमाळ, मागच्या मागं नेर-अमरावती. तू म्हणालीस, विमानालाही खालून कोणीतरी सांगणारा लागतो. मी खुर्ची ओढून बसायचो आणि स्टँडच्या आवाजात म्हणायचो, "नागपूरकडं येणारं विमान धावपट्टी क्रमांक दोनवर लागत आहे, प्रवाशांनी घाई करू नये." धावपट्टीचा नंबर मी मनानंच ठोकून द्यायचो. तू हसायची नाहीस. ओठ दाबून, समोर बघत, डाव्या हातानं इंजिन कमी करत आणायचीस. तेव्हा तुझ्या चेहऱ्यावर जे असायचं ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं.

थ्रॉटल बिघडला तो हंगामाचा काळ होता. तू विमान खाली आणत होतीस आणि मधेच इंजिन एकदम गरजलं. विमान नाक वर करून उसळलं, मग आवाज गप्प झाला, मग पुन्हा गरजला. तू हात तसाच ठेवून माझ्याकडे पाहिलंस. "मी हलवला नाही," म्हणालीस.

मी म्हटलं, लाइटीचा प्रॉब्लेम असेल. त्या वर्षांत लाइट ही प्रत्येक गोष्टीची गुन्हेगार होती. अनिकेत फोनवर म्हणाला, प्रोग्राम काढून पुन्हा टाक. तू टाकलास. तो म्हणाला, वायर दुसऱ्या ठिकाणी लाव. लावलीस. रोज तेच. उतरतानाच, नेमकं उतरतानाच इंजिन उसळी मारी. मी म्हटलं, "जाऊ दे नं बाई, नवीन घेऊ." तू माझ्याकडे असं पाहिलंस की जणू वर्गातल्या मुलीनं उत्तरपत्रिका कोरी दिली.

"काय बिघडलं हे माहीत नसताना नवीन कायले घ्याचं? नव्यातही तेच होईन."

मग तू ते जसं शोधलंस ते मी जवळून पाहिलं, आणि खरं सांगतो बाई, तुझ्या विद्यार्थिनींचा मला हेवा वाटला. तू काहीही धरून चालली नाहीस. लाइटवर शंका, म्हणून अनिकेतचा जुना लॅपटॉप नुसत्या बॅटरीवर चालवून त्याला थ्रॉटल जोडलास. तिथंही उसळी. लाइट सुटली. विमान बदललंस, तरी उसळी. विमान सुटलं. मग विमान बाजूला ठेवून नुसती ती पट्टी उघडलीस. थ्रॉटलचा दांडा पुढं सरकवला की पडद्यावर भरत जाणारी आणि मागं ओढला की रिकामी होणारी. मुंगीच्या चालीनं दांडा पुढं नेलास. पट्टी छान भरत गेली आणि निम्म्याच्या जरा खाली वेड्यासारखी उडाली. मागं आणलास, त्याच जागी उडाली. तू तिथं पेन्सिलीनं खूण केलीस.

"उतरताना मी हात इथंच ठेवते नं," तू म्हणालीस. "रोज इथंच. झिजली ही जागा, नाहीतर मळली."

तेव्हा माझ्या तोंडून सहज निघालं, "आपल्या जुन्या रेडिओचा आवाज वाढवताना खरखर व्हायची, तसंच हाय म्हणा की हे."

तू पेन्सिल खाली ठेवलीस. "तेच हाय ते," म्हणालीस. "आतून तेच हाय." आयुष्यात एखाद्या शोधात माझा हात लागला असेल तर तो एवढाच, आणि तूही तो मला कधी विसरू दिला नाहीस. येईल त्याला सांगायचीस, "ह्यांनी वळखलं."

स्क्रू काढून झाकण उघडलं तर आत खरंच रेडिओच्या नॉबसारखी छोटी गोल वस्तू होती आणि तिच्या अंगावर पांढरं मऊ काहीतरी बसलं होतं. तू चिमट्यानं ते काढलंस आणि उजेडात धरलंस. रुई. आपलं घर जिनिंगच्या कारखान्यामागं. हंगामात कापसाच्या गाड्या आत जातात आणि रुईचा भुगा हवेत निघतो. पाण्याच्या माठावर बसतो, मच्छरदाणीत बसतो, तुझ्या केसांत बसायचा. तो तुझ्या विमानाच्या इंजिनातही जाऊन बसला होता. तू किती वेळ ते धागे बघत बसलीस. "एवढा हलका हाय," म्हणालीस, "आणि विमान पाडते."

मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून तू ते पटकन उडून जाणारं पाणी आणलंस, थेंब टाकून ती वस्तू पुष्कळदा फिरवलीस, पुसलीस. झाकण लावलंस. पट्टी उघडलीस. दांडा खालपासून वरपर्यंत गेला, पट्टी तेल ओतल्यासारखी भरली. मी टाळी वाजवली.

तू वाजवली नाहीस. तू पट्टीच्या टोकाकडे बघत होतीस.

तुझा हात दांड्यावर नुसता ठेवलेला होता. आणि पट्टीचं टोक हलत होतं. उसळी नाही, खूप बारीक. वाऱ्यानं दिव्याची ज्योत हलावी तसं. तू हात उचललास. टोक थांबलं. ठेवलास. हलू लागलं.

"तुमचा ठेवा," तू म्हणालीस.

मी ठेवला. पट्टी स्थिर.

"उचला."

तू पुन्हा तुझा ठेवलास. मग तू दांडा सरळ पुढं नेलास, आणि गंमत म्हणजे नेताना काहीच हललं नाही. हात थांबला की पुन्हा ते सुरू. तू असं कितीतरी वेळ केलंस. मी म्हटलं, अजून रुई राहिली असंल आत. तू मान हलवलीस. "हलवताना उडी मारत होता, तो यंत्राचा दोष. तो गेला. हे थांबल्यावर होते. हा यंत्राचा नाही."

"मग कोणाचा?"

तू डावा हात उचलून स्वतःच्या डोळ्यांसमोर धरलास आणि असा पाहिलास जशी ती रुई पाहिली होतीस. "कसं नेमानं हलते पाहा," म्हणालीस. "एका तालात."

नागपूरच्या मेंदूच्या डॉक्टरांनी पुढं तेच सांगितलं; कंपवात. ते तुझा हात तपासत होते तेव्हा तू त्यांना म्हणालीस की ठेवल्यावर हलतो, काम करताना हलत नाही. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं आणि विचारलं, हे तुम्हाला कधी लक्षात आलं. तू म्हणालीस, "विमानात." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "खरं हाय साहेब."

परतीच्या बसमध्ये मी रडलो. तू खिडकीपाशी होतीस. तू माझ्या गुडघ्यावर तोच हात ठेवलास, तो थरथरत होता, आणि म्हणालीस, "लवकर कळलं नं? मग झालं तर."

घरी आल्यावर दुसऱ्या सकाळी तू प्रोग्राम उघडलास. दांडा किती हलला म्हणजे हलला समजायचं, हे त्यात ठरवता येतं. तू ते वाढवलंस. पट्टीचं टोक तुझ्या हाताखालीही शांत झालं. "मी याले शिकवलं," तू म्हणालीस, "बारीकसारीक थरथरीकडं लक्ष द्याचं नाही. आता तुम्हीही शिका."

मी शिकलो नाही. आपलं भांडण तिथूनच सुरू झालं आणि ते अजून मिटलेलं नाही. त्या विमानाला आपोआप चालवायचं एक बटण होतं. दाबलं की विमान स्वतः जातं, हात लावायला नको. मी रोज म्हणायचो, "दाब नं ते. कायले जिवाले त्रास?" तू म्हणायचीस, "मंग मी काय करू? प्रवासी म्हणून बसू?" भांडण विमानाबाहेर यायचं. स्वयंपाकाला बाई लाव, रविवारी शिकायला येणाऱ्या मुली बंद कर, बटणं लावायला मला सांगत जा. तू ब्लाउजचं एक बटण लावायला कितीतरी मिनिटं घालवायचीस आणि मी दारात उभा राहून चडफडायचो. शेवटी यवतमाळच्या दवाखान्यात, छातीत पाणी भरलं होतं, सिस्टर पेज भरवायला आली तर तू तिच्या हातातून चमचा घेतलास. अर्धी पेज चादरीवर सांडली. मी म्हटलं, "एक दिवस तरी दुसऱ्याले करू दे." तू बोलू शकत नव्हतीस, पण डोळ्यांनी जे सांगितलंस ते मला समजलं. मला अजूनही वाटतं की माझं बरोबर होतं. तुलाही वाटत असणार की तुझं.

तुझ्या त्या काळातल्या उड्डाणांतलं एक धुक्याचं आठवतं. तू मुद्दाम हवामान खराब लावलं होतंस. काचेबाहेर पांढरं, काहीच नाही. तू फक्त समोरचे काटे बघत होतीस. "बाबा सांगत," तू बोलत होतीस, "खाणीत दिवा गेला तर डोळ्यावर भरोसा ठेवू नये. भिंतीले हात लावून चालावं. हे काटे म्हणजे माझी भिंत." आणि त्या पांढऱ्यातून एकाएकी धावपट्टीचे दिवे वर आले, नेमके नाकासमोर. मी काही घोषणा केली नाही.

आणि ते राजूरचं. त्या प्रोग्राममध्ये नागपूर होतं, पण यवतमाळची धावपट्टी नव्हती, आपली गावं नव्हती. खाली नुसता खाकी-हिरवा गालिचा. तू वणीच्या अंगानं चालली होतीस, वेग आणि वेळ यांचा मनात हिशेब चालू होता. मग विमान थोडं कलतं केलंस आणि काचेवर बोट टेकवलंस. "खाली राजूर हाय," म्हणालीस. मला तिथं काहीच दिसलं नाही. पण तुझ्या आवाजात शंका नव्हती. तू तिथं एक गोल चक्कर घेतलीस, पुष्कळ सावकाश. बाबा जाऊन तेव्हा कितीक वर्षं झाली होती. तू त्यांचं नाव घेतलं नाहीस. फक्त चक्कर पुरी केलीस.

ते बोंडअळीचं साल. हिरवीगार झाडं आणि बोंडात किडे. जिनिंगचा भोंगा संक्रांतीआधीच बंद पडला. घरावर रुई येईनाशी झाली, आणि ते स्वच्छ घर बघवत नव्हतं. धुरपताबाई जिनिंगवर जायच्या, त्यांचं कामही बंद, तांड्यावरच्या वावरातलं पीकही गेलं. त्या आल्या आणि तुझ्या मागं खाटेवर बसल्या. तू विचारलंस, "येता काय माझ्यासंग?" विमान जमिनीवरून उचललं तसं त्यांनी खाटेचा कठडा धरला आणि "याडी" म्हणून आपल्या बोलीत आईला हाक मारली. जरा वेळानं म्हणाल्या, "बाई, मावालं वावर दाखवा नं वरून."

तू त्यांना खोटं सांगितलं नाहीस. "यात ते काढलेलं नाही. ज्यानं हे बनवलं त्याले आपल्या भागात कापूस होते हेच माहीत नाही."

धुरपताबाईंनी बराच वेळ खालचा गालिचा पाहिला. "मंग बरं हाय," म्हणाल्या. "अळी बी नसंन याच्यात."

तू हसलीस, त्याही हसल्या, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. मग त्या रोज दुपारी येऊ लागल्या. तुम्ही दोघी कुठंकुठं जाऊन आलात देव जाणे, आणि देव मानत नव्हतीस तू, तर तूच जाणे. त्यांच्या नातीला तू दहावीपर्यंत ओढत नेलंस ते त्याच खाटेवर.

अनिकेतनं तिकिटं काढली ती मागच्या वर्षी. नागपूर ते पुणे, खऱ्या विमानानं. तोवर तुला चालताना माझा खांदा लागत होता. खिडकीची जागा तुला, मधली मला. तुझा डावा हात खुर्चीच्या हात ठेवायच्या दांडीवर होता आणि आपल्या तालात चालू होता. विमान धावू लागलं, इंजिनाचा आवाज चढला, तसे तू डोळे मिटलेस आणि तो हात जरासा पुढं केलास, जणू काही धरून. हात थांबला. अगदी स्थिर. आपण जमिनीवरून उठलो. मग तू डोळे न उघडताच पुटपुटलीस, "आता तो पायलट इंजिन कमी करीन." आणि क्षणभरानं आवाज खरंच खाली आला. आजूबाजूला लोक मोबाईल बघत होते, आणि माझ्या शेजारी माझी बायको ते अख्खं विमान हातात घेऊन बसली होती. मी तुला तेव्हा हे सांगायला पाहिजे होतं. आपल्या पिढीत कोणी बायकोला असं सांगत नाही. मी विचारलं, "पाणी पाहिजे काय?"

तू डोळे उघडून खाली पाहिलंस. आकाश निवळ होतं. तू कपाळ काचेला लावलंस.

"हे नेरकडचं असंन," म्हणालीस. मग अगदी हळू, "किती माणसं हायेत हो खाली."

मी वाकून बघितलं. तपकिरी जमीन, मधेच चकाकणारं एखादं तळं, दोऱ्यासारखा रस्ता. "माणसं कुठं दिसतात एवढ्या वरून?" मी म्हटलं.

"माणसं नाही दिसत. धुरे दिसतात नं." तू मला जागा करून दिलीस. "हे पाहा. एवढाएवढासा तुकडा. प्रत्येकाले कोणी तरी धुरा घातला हाय."

मग मला ते बांध दिसले. एकाला एक लागून, आडवे-तिरपे, कुठं बोटभर, कुठं नखभर, नजर जाईल तिथवर माणसांनी आखलेले तुकडे. ज्यांच्यासाठी मी जन्मभर गाड्यांची नावं पुकारली आणि ज्यांच्या पोरींना तू शिकवलंस, ती सगळी त्यांत होती. आपण दोघं डोक्याला डोकं लावून त्या लहानशा खिडकीतून बघत राहिलो, ढग येईपर्यंत.